मोहिमेतील इंधनाचा हिशेब

प्रास्ताविक

महिन्याला गहू किती लागतात, तांदूळ किती लागतो, हे घर चालवणाऱ्या व्यक्तीला तोंडपाठ असते. इंधनाचा हिशेब मात्र बहुतेक घरांत गॅसची टाकी संपल्यावरच सुरू होतो. गावात किंवा शहरात राहणाऱ्याला हे परवडते, कारण दुसरी टाकी येईपर्यंत शेजाऱ्याची शेगडी उपयोगी पडते. डोंगरात चार दिवस पायी फिरणाऱ्या गटाला शेजार नसतो. पाठीवर नेलेले इंधन संपले की शिधा शिल्लक असूनही अन्न शिजत नाही, आणि बर्फाच्या प्रदेशात तर प्यायला पाणीही मिळत नाही. असे इंधन आधीच कसे मोजावे, याचा विचार प्रस्तुत पाठात केला आहे.

गळक्या डब्यांची गोष्ट

इंग्रज दर्यावर्दी रॉबर्ट स्कॉट आणि त्याचे चार सोबती १७ जानेवारी १९१२ रोजी दक्षिण ध्रुवावर पोहोचले. नॉर्वेचा आमुंडसेन तेथे १४ डिसेंबर १९११ रोजीच पोहोचून गेला होता. निराश झालेले हे पाच जण परत फिरले. येताना त्यांनी वाटेत ठिकठिकाणी अन्नाचे आणि रॉकेलचे साठे पुरून ठेवले होते. परतीच्या वाटेवर साठे सापडत गेले, पण डब्यांतील रॉकेल ठेवले होते त्यापेक्षा कमी भरू लागले. डबे कोणी उघडले नव्हते. त्यांच्या बुचांना बसवलेल्या चामड्याच्या चकत्या त्या थंडीत निकामी झाल्या होत्या आणि त्यांच्या फटींतून रॉकेल उडून गेले होते. आमुंडसेनने आपले डबे डाग देऊन पक्के बंद केले होते, म्हणून त्याचे तेल टिकले.

दक्षिण ध्रुवाच्या प्रदेशात वाहते पाणी नाही. पाण्याचा प्रत्येक घोट बर्फ वितळवूनच मिळवावा लागतो. म्हणजे तेथे रॉकेलची टंचाई ही पाण्याचीही टंचाई असते. स्कॉटच्या तुकडीतील एक जण फेब्रुवारीत आणि दुसरा मार्चच्या मध्यास मरण पावला. उरलेले तिघे वादळामुळे तंबूत अडकले आणि मोठ्या साठ्यापासून सुमारे २० किलोमीटर अंतरावर मृत्युमुखी पडले. स्कॉटच्या रोजनिशीतील अखेरची नोंद २९ मार्च १९१२ची आहे. या शोकांतिकेला कडाक्याची थंडी, अपुरे अन्न, आजार अशी अनेक कारणे होती. सगळा दोष रॉकेलवर टाकणे योग्य होणार नाही. तरीही एका चकतीवर किती अवलंबून होते, हे विसरता येत नाही.

आपल्याकडचे उदाहरण अधिक जवळचे आहे. १९५२ साली स्विस गिर्यारोहकांच्या एव्हरेस्ट मोहिमेत तेन्झिंग नोर्गे आणि रेमंड लाम्बेर यांनी २७ मेची रात्र सुमारे ८,४०० मीटर उंचीवर काढली. त्यांच्याजवळ ना स्टोव्ह होता, ना झोपण्याच्या पिशव्या. मेणबत्तीच्या ज्योतीवर थोडासा बर्फ वितळवून त्यांनी घसा ओला केला. दुसऱ्या दिवशी शिखर बरेच दूर असतानाच त्यांना मागे फिरावे लागले. पुढील वर्षीच्या ब्रिटिश मोहिमेत शरीरशास्त्रज्ञ ग्रिफिथ प्यू यांनी आग्रह धरला, की गिर्यारोहकाने उंचीवर भरपूर पाणी प्यायलेच पाहिजे आणि त्यासाठी चांगले स्टोव्ह व पुरेसे इंधन वर गेले पाहिजे. २९ मे १९५३ रोजी तेन्झिंग आणि हिलरी शिखरावर पोहोचले, त्याच्या आदल्या रात्री त्यांच्या तंबूत स्टोव्ह पेटलेला होता आणि दोघांना गरम पेय पोटभर मिळाले होते.

पाणी हेच माप

बेंगळुरूहून दरवर्षी अनेक गट हिमालयात पदभ्रमणासाठी जातात. त्यांत नोकरीनिमित्त या शहरात स्थायिक झालेले मराठी तरुणही असतात. निघण्यापूर्वी अशा गटाची शिध्याची यादी होते. डाळ, तांदूळ, रवा, साखर, चहा यांची वजने ठरतात. इंधनापाशी आल्यावर मात्र ‘एक टाकी घेऊ, पुरेल’ असे म्हटले जाते. हा अंदाज कधी दुप्पट ठरतो आणि फुकटचे ओझे वाहावे लागते. कधी निम्मा ठरतो आणि तिसऱ्या दिवशी सकाळी चहादेखील होत नाही.

अंदाज करायचा तर माणसे किती, यापासून सुरुवात करून भागत नाही. पाणी किती तापवायचे, हा पहिला प्रश्न आहे. भात, डाळ, उपमा, चहा, सूप या सर्वांत मुख्य काम पाणी तापवण्याचेच असते. एक लिटर पाण्याचे तापमान एक अंश सेल्सिअसने वाढवण्यास जी उष्णता लागते, तिला एक किलोकॅलरी म्हणतात. एवढे एक माप लक्षात ठेवले, की पुढचा हिशेब साध्या गुणाकाराचा आहे.

समजा, आठ जणांचा गट चार दिवस आणि तीन रात्री ३,००० मीटरच्या आसपास राहणार आहे. पहिल्या दिवशी न्याहारी करून निघायचे आणि चौथ्या दिवशी दुपारी खाली उतरायचे. म्हणजे रात्रीची जेवणे तीन आणि सकाळच्या न्याहाऱ्याही तीन. दुपारी गूळ-शेंगदाणे, चिक्की, दशम्या अशा कोरड्या पदार्थांवर भागवले, तर स्वयंपाकाचे दिवस तीनच धरावेत. दोन वेळचा चहा, न्याहारी, रात्रीची खिचडी, सूप आणि भांडी विसळण्यापुरते गरम पाणी मिळून माणशी रोज दोन लिटर पाणी तापवावे लागते. आठ जणांचे सोळा लिटर झाले.

ओढ्याचे पाणी तेथे साधारण पाच अंशांचे असते. समुद्रसपाटीला पाणी १०० अंशांना उकळते. दर ३०० मीटर उंचीला हा उत्कलनबिंदू सुमारे एक अंशाने उतरतो. बेंगळुरू समुद्रसपाटीपासून ९०० मीटरहून थोडे अधिक उंचीवर आहे. त्यामुळे त्या शहरात पाणी ९७ अंशांनाच उकळते, ही गोष्ट तेथे वर्षानुवर्षे स्वयंपाक करणाऱ्यांनाही ठाऊक नसते. ३,००० मीटरवर ते ९० अंशांना उकळते. तेव्हा डोंगरात एक लिटर पाण्याला पाचपासून नव्वदपर्यंत नेण्यास ८५ किलोकॅलरी लागतात, आणि सोळा लिटरना १,३६०.

बर्फ वितळवायचा असेल तर चित्र पालटते. शून्य अंशाचा एक किलो बर्फ नुसता वितळून शून्य अंशाचे पाणी होण्यासच ८० किलोकॅलरी खर्च होतात. तापमान तसूभरही वाढत नाही, इंधन मात्र जळत राहते. उणे दहा अंशांच्या बर्फापासून निघून उकळत्या पाण्यापर्यंत जाण्यास १७५ किलोकॅलरी लागतात. ओढ्याच्या पाण्याच्या दुपटीहून हे अधिक आहे. स्कॉटच्या तुकडीचे रॉकेल कशात जात होते, हे आता आकड्यांत दिसते.

पाठगत प्रश्न : ३,००० मीटर उंचीवर पाणी लवकर उकळते, मग तेथे अन्न लवकर का शिजत नाही? पुढील भाग वाचून उत्तर लिहा.

उकळी आणि शिजणे

पाणी कमी तापमानाला उकळते म्हणून इंधन वाचेल, अशी समजूत होण्याचा संभव आहे. उकळी येण्यापुरते ते खरेही आहे. परंतु अन्न शिजते ते उकळीच्या बुडबुड्यांमुळे नव्हे, तापमानामुळे. नव्वद अंशांच्या पाण्यात तूरडाळ तासन् तास कणीदार राहते. कोकणातून बेंगळुरूत आलेल्या गृहिणीला उघड्या पातेल्यातली डाळ अधिक वेळ घेते असे वाटले, तर तो तिचा भ्रम नाही.

यावर उपाय प्रेशर कुकरचा. शिट्टीच्या वजनामुळे कुकरमधला दाब बाहेरच्या हवेपेक्षा बराच वाढतो. समुद्रसपाटीला कुकरमध्ये सुमारे १२० अंश तापमान मिळते, आणि ३,००० मीटरवरही ते ११५ अंशांच्या आसपास राहते. कुकरचे वजन वाहणे अनेकांना जड वाटते. आठ जणांच्या गटात मात्र ते ओझे वाचलेल्या इंधनातून वसूल होते. कुकर न्यायचा नसेल तर तूरडाळ घरीच ठेवावी. मूग आणि मसूर घ्यावेत, तेही दिवसभर भिजवलेले. एक उकळी आणून पातेले झाकणासह घोंगडीत गुंडाळून ठेवले तरी खिचडी बरीचशी आपोआप मुरते. मंद आचेवर शिजवण्यासाठी तापवण्याच्या खर्चाच्या पाव भाग अधिक धरावा. या गटाचा रोजचा आकडा मग १,७०० किलोकॅलरी होतो.

भांड्यात किती, वाऱ्यावर किती

एक किलो स्वयंपाकाच्या गॅसमध्ये सुमारे ११,००० किलोकॅलरी उष्णता असते. ती सगळी पाण्यात उतरली असती तर तीन दिवसांना अर्धा किलो गॅसही पुरला असता. प्रत्यक्षात बरीच उष्णता भांड्याच्या कडेने निसटते आणि वाऱ्याबरोबर जाते.

या विषयातले एक महत्त्वाचे काम बेंगळुरूतच झाले आहे. तेथील भारतीय विज्ञान संस्थेत १९७४ साली प्रा. अमूल्य रेड्डी यांच्या पुढाकाराने ‘अस्त्र’ नावाचा ग्रामीण तंत्रज्ञानाचा विभाग सुरू झाला. तुमकूर जिल्ह्यातील उंग्रा या खेड्यात या विभागाने काम केले. सरपण गोळा करण्यात स्त्रियांचे श्रम आणि वेळ किती जातो, याच्या नोंदी घेतल्या, आणि त्यातून सुधारलेली चूल तयार झाली. कन्नडमध्ये चुलीला ‘ओले’ म्हणतात, म्हणून ती ‘अस्त्र ओले’ या नावाने ओळखली गेली. तीन दगडांच्या उघड्या चुलीत लाकडाच्या उष्णतेचा जेमतेम दहावा हिस्सा भांड्यात जातो. अस्त्र चुलीत हवा जाळीतून मोजकी येते, भांडे तोंडात घट्ट बसते आणि पहिल्या भांड्याखालून निसटलेली ऊब पुढच्या भांड्यांना मिळते. त्यामुळे तेवढ्याच लाकडात कितीतरी अधिक अन्न शिजते. इंधन तेच, फरक चुलीचा आणि भांड्याच्या बैठकीचा.

घरातील गॅसच्या शेगडीकडून प्रमाणित चाचणीत ६८ टक्के उष्णता भांड्यात उतरवण्याची अपेक्षा असते. ती चाचणी बंद खोलीत होते. उघड्यावर, थंडीत आणि वाऱ्यात लहान शेगडीकडून ४० टक्के धरणे शहाणपणाचे आहे. वारा मोकाट असेल तर तेवढेही मिळत नाही. म्हणून दगडांचा किंवा पत्र्याचा आडोसा करावा. पण लहान डबीवर बसणाऱ्या शेगडीला चारही बाजूंनी कधीही बंद करू नये, कारण आत कोंडलेल्या उष्णतेने डबीच तापून फुटू शकते. वाऱ्याला कंटाळून शेगडी तंबूत नेणे तर त्याहून घातक. बंद तंबूत कार्बन मोनॉक्साइड हा वायू साठतो. त्याला वास नाही, रंग नाही. झोपेत असलेला माणूस जागा होत नाही.

गच्चीवरील चाचणी

चाळीस टक्के हा आकडा पुस्तकातला झाला. आपल्या शेगडीचा आकडा आपणच काढावा, आणि तो काढणे सोपे आहे. किराणा दुकानातल्यासारखा इलेक्ट्रॉनिक काटा, मोहिमेत न्यायची शेगडी आणि न्यायचेच पातेले घेऊन संध्याकाळी गच्चीवर बसावे. स्वयंपाकघरात ही चाचणी करण्यात अर्थ नाही. गच्चीवरचा वाराच खरी परीक्षा घेतो. गॅसची डबी किंवा टाकी आधी तोलावी. एकूण दहा लिटर पाणी, झाकण ठेवून, पातेल्यामागून पातेले उकळावे. पुन्हा तोलावे. वजनातला फरक म्हणजे जळलेला गॅस.

बेंगळुरूत पाणी साधारण २५ अंशांचे असते आणि ९७ला उकळते, म्हणजे लिटरला ७२ किलोकॅलरी लागतात. शेगडी ४० टक्के काम देत असेल तर दहा लिटरना सुमारे १६५ ग्रॅम गॅस जळेल. डोंगरात लिटरला ८५ लागतात, म्हणून हा आकडा १९५ ग्रॅम होतो. सोळा लिटरना ३१२ ग्रॅम, मंद शिजवण्याचा पाव भाग मिळवून रोजचे ३९० ग्रॅम. तीन दिवसांचे १,१७० ग्रॅम झाले.

राखीव किती ठेवावे, यावर मतभेद आहेत. टक्केवारीने राखीव ठेवण्यापेक्षा एक संपूर्ण दिवस जादा धरणे अधिक समंजसपणाचे वाटते. कारण डोंगरात अडचण टक्क्यांनी येत नाही. पाऊस लागतो, दरड कोसळते, कोणाचा तरी पाय मुरगळतो आणि एक रात्र वाढते. चार दिवसांचे मिळून १,५६० ग्रॅम, म्हणजे जवळजवळ १ किलो ६०० ग्रॅम. २३० ग्रॅमच्या सात डब्यांत हे काम होते. रॉकेलचा पंपाचा स्टोव्ह असेल तर त्याच हिशेबाने दोन लिटरहून थोडे अधिक रॉकेल लागेल.

आता एक अट बदलून पाहावी. पिण्याचे पाणीही उकळूनच घ्यायचे, असे गटाने ठरवले तर माणशी आणखी दोन लिटर वाढतात. रोजचा खर्च ३९० वरून ७०० ग्रॅमवर जातो आणि राखीव दिवसासह एकूण २ किलो ८०० ग्रॅम गॅस लागतो. स्वयंपाकापेक्षा फार कमी नसलेला हा खर्च केवळ पाणी निर्जंतुक करण्याचा आहे. क्लोरीनच्या गोळ्या किंवा चांगली गाळणी खिशात मावते आणि हे सव्वा किलोचे ओझे वाचवते. शेवटचा मुक्काम बर्फावर असेल, तर तेवढ्या एका दिवसाला, पिण्याचे पाणी धरून, सुमारे १ किलो ३५० ग्रॅम गॅस लागेल. तिथे कंजुषी करू नये.

शेगड्या किती, हाही प्रश्न आहे. लहान शेगडी मिनिटाला जेमतेम १४ किलोकॅलरी पाण्यात उतरवते. आठ लिटर पाण्याला तिच्यावर पाऊण तासाहून अधिक वेळ लागतो. थकलेल्या आठ जणांना एवढे थांबवण्यापेक्षा दोन शेगड्या न्याव्यात. एक बिघडली तर दुसरी असते.

थंडीतला गॅस

स्वयंपाकाचा गॅस ब्युटेन आणि प्रोपेन यांचे मिश्रण असते. टाकीत तो द्रवरूप असतो आणि त्याची वाफ झाली तरच जळतो. ब्युटेन उणे अर्ध्या अंशाला उकळतो. म्हणजे गोठणबिंदूखाली त्याची वाफ होणे जवळजवळ थांबते. प्रोपेनचा उत्कलनबिंदू उणे ४२ अंश आहे. थंड सकाळी आधी प्रोपेन निघून जातो, मागे ब्युटेन उरतो, ज्योत मंदावते आणि गॅस संपला असे वाटते. डबी हलवली तर आत द्रव खळखळतो. रात्री डबी अंथरुणाजवळ ठेवावी. सकाळी ती पुन्हा जळते. ज्योतीवर डबी गरम करणे म्हणजे आत्मघात होय.

कोठून आणावे

बेंगळुरूहून हिशेब करून निघालेल्या गटाने इंधन बेंगळुरूहून न्यायचे नसते. विमानात गॅस किंवा रॉकेल नेता येत नाही. रेल्वेतही ज्वलनशील पदार्थ नेणे हा १९८९च्या रेल्वे कायद्याखाली गुन्हा आहे. हा नियम कागदी नाही. २६ ऑगस्ट २०२३ रोजी पहाटे मदुराई स्थानकाजवळ उभ्या असलेल्या यात्रेकरूंच्या डब्याला आग लागली. डब्यात बेकायदा आणलेली गॅसची टाकी होती. त्या आगीत नऊ जणांचा मृत्यू झाला.

तेव्हा इंधन तळाच्या गावी घ्यावे. तेथे काय मिळते, याची चौकशी निघण्यापूर्वीच करावी आणि शेगडी त्यानुसार निवडावी. डबीची शेगडी नेली आणि गावात फक्त रॉकेल मिळाले तर सगळा हिशेब वाया जातो. पाच किलोची टाकी घेतल्यास तिच्यावर रिकाम्या टाकीचे वजन उमटवलेले असते. काट्यावर तोलून त्यातून हे वजन वजा केले, की आत गॅस खरोखर किती आहे ते कळते. दुकानदाराने ‘भरलेली आहे’ म्हटले तरी तोलावे, आणि जोडणीला साबणाचे पाणी लावून बुडबुडे येतात का तेही पाहावे.

शब्दार्थ

शिधा – स्वयंपाकासाठी बरोबर घेतलेले धान्य व जिन्नस
उत्कलनबिंदू – ज्या तापमानाला द्रव उकळतो ते तापमान
डाग देणे – धातूचा सांधा वितळलेल्या धातूने बंद करणे
सरपण – जळणाची लाकडे
तळ – जेथून चढाई सुरू होते ते मुक्कामाचे ठिकाण

स्वाध्याय

१. स्कॉटच्या तुकडीच्या दृष्टीने रॉकेलची टंचाई ही पाण्याची टंचाई का ठरली, ते चार-पाच वाक्यांत लिहा.

२. सहा जणांचा गट पाच दिवस आणि चार रात्री ३,००० मीटरवर राहणार आहे. माणशी रोज दोन लिटर पाणी तापवायचे आहे आणि पिण्याच्या पाण्यासाठी गोळ्या वापरायच्या आहेत. एक राखीव दिवस धरून किती गॅस लागेल? पाठातील आकडे घेऊन रीत मांडा.

३. ‘इंधन तेच, फरक चुलीचा आणि भांड्याच्या बैठकीचा’ हे विधान अस्त्र चुलीच्या आधारे स्पष्ट करा.

४. उपक्रम : घरातील शेगडीवर एकदा झाकण ठेवून आणि एकदा झाकणाशिवाय दोन-दोन लिटर पाणी उकळा. दोन्ही वेळा लागलेली मिनिटे नोंदवा आणि फरक वर्गात सांगा.